नुसती मान हलव

दार उघडायच्या आत तिचा तळहात वर झालेला असायचा. चौकातला पोलीस गाडी थांबवतो, तसा. आपण "ये जिजी" म्हणायला तोंड उघडावं, तर तो हात म्हणे थांब. मग दुसऱ्या हातातल्या करंड्यातलं कुंकू आपल्या कपाळावर टेकायचं आणि एका दमात निरोप यायचा. उद्या पाच वाजता कोपऱ्यावरच्या वहिनींकडं हळदीकुंकू आहे, सुनेला आण, लेक माहेरी आली असेल तर तिलाही आण. शेवटी ठरलेलं वाक्य.

"काही बोलू नको. नुसती मान हलव."

आपण मान हलवायची. ती हललेली मान ती नीट बघून घ्यायची, दुकानदारानं नोट उजेडात धरून बघावी तशी, आणि पुढच्या दाराला लागायची.

लग्न होऊन मी बऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात आले, तेव्हा मला ही बाई भलतीच तोऱ्याची वाटली. आमंत्रण द्यायला यायचं आणि समोरच्याला बोलूही द्यायचं नाही, ही कुठली रीत? मी सासूबाईंना तसं म्हटलंही. त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, तिला ऐकू कमी येतं, मान दिसते. एवढं सांगून त्या पुन्हा भाजीकडं वळल्या. आमच्या गल्लीत कुणाच्याही दुखण्यावर यापेक्षा जास्त बोलत नाहीत, निदान त्या माणसाच्या भल्यासाठी तरी नाही.

आता ती नाही. मागच्या पावसाळ्यात इंदूरला, लेकाच्या घरी वारली. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. चारचौघांत सगळे हसले की जरा उशिरा हसणारं. त्याला आपण किती वेळा पाहतो आणि किती वेळा बघायचं सोडून देतो, ते तुम्हालाही ठाऊक असेल. जिजीला मी पुष्कळ वर्षं पाहिलं, म्हणून सांगते.

आधी बोलावण्याचं सांगायला हवं. आमच्याकडं छापील पत्रिका फक्त लग्नाला. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण, सगळं तोंडी. आणि तोंडी म्हणजे घरी जाऊन, उंबऱ्यात उभं राहून. वाटेत भेटली म्हणून सांगितलं, तर ते बोलावणं नव्हे. अशा बोलावण्याला बाई येत नाही, आणि न येण्यावर गप्पही बसत नाही. तीन-चार गल्ल्यांतली घरं उन्हातान्हात पालथी घालायची म्हणजे जीव जातो. चैत्रातल्या बऱ्हाणपुरात दुपारी कुत्रंसुद्धा गटारीच्या कडेची सावली सोडत नाही. हे काम जिजीनं आपणहून अंगावर घेतलं होतं. कुणाकडंही कार्य असो, बोलावणं जिजीचं. बायका म्हणायच्या, किती उपयोगी पडते बिचारी.

ती उपयोगी पडत होती हे खरंच. पण मला हळूहळू दिसायला लागलं की ती आपली जागाही राखत होती. या कामात बोलायचं असतं, ऐकायचं काही नसतं. गल्लीत असं दुसरं काम नाही. आणि जी बाई घरोघर बोलावणं करते, तिला कार्याला कोण विसरणार?

मान हलवण्याच्या बाबतीत मात्र ती फार कडक होती. एकदा हलवली म्हणजे यायचं. एका वर्षी शेजारची एक सून मान हलवून आली नाही, सिनेमाला गेली. दुसऱ्या दिवशी जिजी तिच्या दारात. "यायचं नव्हतं तर आडवी हलवायची. मला आडवी बी दिसते." त्या सुनेनं पुढं जन्मात तसं केलं नाही.

तिचे कान लूमनं, म्हणजे कापडाच्या यंत्रमागानं खाल्ले. नवऱ्याचे लूम खालच्या मजल्यावर, संसार वरच्या. सकाळपासून रात्रीपर्यंत खडखडाट, भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं म्हणे. लूमवर काम करणारी माणसं एकमेकांशी हातांनी आणि ओठांनी बोलतात, तसं हे नवराबायको बोलायचे. वरच्या जिन्यातून तिनं पाच बोटं जुळवून तोंडाकडं नेली की खाली कळायचं, जेवायला या. त्यामुळं कान जात होते ते दोघांनाही कळलं नाही. नवरा गेला, लूम विकले, घर शांत झालं. शेजाऱ्यांना हायसं वाटलं. तिलाही वाटलं. मग एके दिवशी लेकानं मागून चार हाका मारल्या आणि तिनं वळून पाहिलं नाही, तेव्हा कुठं डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, नसाच गेल्या, मशीन लावून थोडं येईल.

मशीन आलं, पण ते ती सारखं लावत नसे. देव्हाऱ्याशेजारच्या डबीत ठेवायची. तुम्ही तिच्याकडं गेलात आणि तुमचं बोलणं ऐकावं असं तिला वाटलं, तर ती उठायची, डबी उघडायची, पदरानं पुसून मशीन कानात घालायची आणि समोर येऊन बसायची. पाहुण्याला सतरंजी घालावी, तसा तो मान होता. गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगायच्या, माझ्यासाठी लावलं हो तिनं मशीन. आणि काढणंही तितकंच उघड. खंडव्याचे कुणी पाहुणे एकदा तिच्याकडं सत्यनारायणाला आले होते. त्यांनी आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची कथा सुरू केली. ती प्रसाद वाटून झाला तरी संपेना. जिजीनं त्यांच्या देखत मशीन काढलं, डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि हसून म्हणाली, "तुम्ही चालू द्या." पाहुण्यांनी खरंच चालू ठेवलं.

मी एकदा तिला विचारलं, सारखं का लावत नाहीस? तिनं मशीन लावून प्रश्न ऐकला आणि काढून उत्तर दिलं. म्हणाली की त्यात सगळंच मोठं होतं. कुकर, बादली, गाडीचा हॉर्न, बांगड्या आणि तुझा आवाज, सगळे एकदम अंगावर येतात. मग त्यातून तुझा आवाज वेचून काढायचा, तांदळातून खडे काढतात तसा. "तुम्ही फुकटात ऐकता," ती म्हणाली. "मला निवडत बसावं लागतं."

हळदीकुंकवाहून परत निघताना ती हमखास म्हणायची, "ऐकून दमले बाई मी." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. हिला ऐकू येत नाही आणि ही म्हणे ऐकून दमली! मला ते हसू येईनासं झालं, कारण मी शाळेत शिकवते. एका वर्गात साठ पोरं. संध्याकाळी घरी येते तेव्हा माझा घसा गेलेला असतो आणि कुणी प्रेमानं हाक मारली तरी नकोसं होतं. तिच्या चेहऱ्यावर तेच दिसायचं. पंधरा बायका एका खोलीत बोलतायत. एकीचे ओठ सापडेपर्यंत दुसरी सुरू होते, दुसरीकडं वळावं तर तिसरी हसते. ही सारखी मान वळवतेय, भुवया ताणतेय, अर्धं पकडतेय, उरलेलं अंदाजानं भरतेय. शाळेची परीक्षा बरी की हो, ती तीन तासांत सुटते.

आमचं दोघींचं जमलं ते याच थकव्यावर. संध्याकाळी मी तिच्या पायरीवर जाऊन बसायचे. बोलायची ताकद मला नसायची, ऐकायची तिला नसायची. ती भाजलेल्या शेंगा पुढं करायची. मी हातानं विचारायचे, जेवलीस? ती हातानंच सांगायची, खिचडी.

एका संक्रांतीला कुणीतरी काही गमतीचं सांगितलं. खोली हसून हसून लोळली. जिजीही हसली, नेहमीप्रमाणं जरा मागून. मग तिनं शेजारच्या बाईला कोपरानं ढोसून विचारलं, काय झालं? त्या बाईनं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा हात झटकून म्हणाली, जाऊ दे जिजी, काही खास नाही. जिजीनं मान डोलावली आणि वाटीतले तीळ निवडायला लागली.

घरी येताना ती माझ्याबरोबर चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बाकी शब्द चुकतात माझे. 'जाऊ दे' मात्र ओठांवरून बरोबर समजतं. दिवसातून किती वेळा समजतं ते विचारू नको." मी काही बोलले असते तरी अंधारात माझे ओठ तिला दिसले नसते.

'जाऊ दे' न म्हणणारी एकच बाई होती, तिची मैत्रीण आक्का. पलीकडच्या गल्लीत राहायची. दोघी एकाच वर्षी या मोहल्ल्यात सुना म्हणून आल्या होत्या. आक्का जिजीशी ओरडून बोलताना मी कधी पाहिलं नाही. ती समोर बसायची, तोंडातलं पान काढून टाकायची आणि हळूहळू बोलायची. समजलं नाही तर पुन्हा, तेही नाही समजलं तर वेगळ्या शब्दांत, मीठ जास्त पडलेल्या भाजीत बटाटा घालावा तशी शांतपणं. जिजीचं पहिलं बोलावणं कायम आक्काच्या दारात. कार्य कुणाचंही असो, पहिलं कुंकू आक्काला.

आता जे सांगायचंय ते एका चैत्रातलं. माझ्या घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. पन्ह्यासाठी कैऱ्या आणून ठेवल्या होत्या. बोलावणं अर्थातच जिजीचं. ती लेकीकडं शाहपुरला गेली होती. जाताना सांगून गेली, आदल्या दिवशी दुपारच्या बसनं येते आणि तशीच फिरते, तू काळजी करू नको.

त्या आदल्या दिवशीच पहाटे आक्का गेली. झोपेतच गेली. उन्हाचे दिवस म्हणून फार थांबले नाहीत, दुपारच्या आत तापीवर नेलं. मी शाळेतून परस्पर तिच्या घरी गेले. जिजीचा फोन दोघी-तिघींनी लावला होता, तो तिच्या पिशवीत वाजत राहिला असेल. शाहपुरच्या लेकीला कळवायचं मात्र प्रत्येकीनं दुसरीवर सोडलं. कुणीतरी केलाच असेल फोन, असं सगळ्यांना वाटलं. मलाही.

दुपारी बायका आक्काच्या घरी बसल्या होत्या. खोली नुकतीच धुतलेली. घरात चूल बंद, शेजारून पिठलं-भाकरी आलेली, पण ती कुणी उघडली नव्हती. आक्काची सून भिंतीला टेकून बसली होती. इतक्यात दारात जिजी.

बसमधून उतरून तिनं घरी पाय धुतले होते, लुगडं बदललं होतं, करंडा घेतला होता आणि नेहमीप्रमाणं पहिल्या दाराला आली होती. दारात चपलांचा ढीग पाहून तिला काय वाटलं ते तिनंच मला नंतर सांगितलं. तिला वाटलं, सगळ्या इथंच जमल्यात, आपली आज पायपीट वाचली.

तिचा तळहात वर होता. चेहऱ्यावर हसू. म्हणाली, बऱ्या सापडल्या गं सगळ्या एकाच ठिकाणी, उद्या पाच वाजता मॅडमकडं यायचं. आणि तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. मग करंड्याचं झाकण काढत तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"आक्का कुठंय? आधी तिला लावते."

कुणी हललं नाही. सून उठली. तिनं काहीतरी सांगितलं, फार हळू, ते मलाही नीट ऐकू आलं नाही. जिजीनं सवयीनं हात तिच्या तोंडापुढं धरला.

"काही बोलू नको. नुसती मान हलव. येणार ना ती?"

सुनेची मान उभीही हलेना आणि आडवीही हलेना. शेवटी तिनं जिजीचं मनगट धरलं आणि कोपऱ्यात नेलं. तिथं जमिनीवर पिठात दिवा लावलेला होता, वर टोपली उपडी घातलेली. टोपलीच्या फटींतून उजेड दिसत होता. तो दिवा काय असतो हे आमच्याकडच्या बाईला सांगावं लागत नाही.

जिजी दिव्याकडं बघत राहिली. मग तिनं करंड्याला झाकण लावलं. दोनदा दाबून बघितलं, नीट लागलं का ते. "कधी?" तिनं विचारलं. सुनेनं हातानं दाखवलं, पहाटे. "नेलं?"

सुनेनं मान हलवली.

जिजी तिथंच दिव्याशेजारी बसली. रडली नाही. करंडा पदराखाली लपवून धरला होता, चोरीची वस्तू धरावी तसा. तिन्हीसांजेला उठली आणि कुणाकडं न बघता घरी गेली. मला तिच्या मागं जायचं होतं, पण जाऊन काय सांगणार होते, आणि कसं?

गल्लीला असं काही मिळालं की ती वर्षभर पुरवून खाते. सुतकाच्या घरात कुंकू घेऊन आली, इथपासून ते अपशकुन झाला, इथपर्यंत सगळं बोलून झालं. जिजीसमोरच बोलायच्या, तिला कुठं ऐकू येतंय म्हणून. तिला चेहरे दिसत होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिनं बोलावणं बंद केलं. कुणी विचारायला गेलं की गुडघे दाखवायची. मग बायकांनी मोबाईलवर ग्रुप काढला. मराठी टाइप करायचा कंटाळा, म्हणून सगळ्या फोन तोंडाशी धरून बोलायच्या आणि ते बोलणं पाठवून द्यायच्या. जिजीलाही ग्रुपमध्ये घेतलं होतं, आपण कुणाला वगळत नाही म्हणून! एकदा ती फोन घेऊन माझ्याकडं आली. पडद्यावर एकाखाली एक आवाजाच्या पट्ट्या. "यात काय आहे?" मी एकेक ऐकून तिला सांगितलं. बहुतेक सगळं निरर्थक होतं. दोन दिवस ती आली. मग नाही आली.

मी तिच्याकडं गेले आणि म्हटलं की तू यायला हवंस, सगळ्या विचारतात. तिनं माझे ओठ लक्ष देऊन पाहिले. म्हणाली, "मी आले की तुम्ही दमता. मी बी दमते. कशाला?" त्यात खोटं काही नव्हतं. मी शेंगा खाल्ल्या आणि घरी आले.

पण त्याच सुमारास तिनं एक केलं. वीजवाल्याला बोलावून दारावरच्या घंटीला दिवे जोडून घेतले. बाहेर बटण दाबलं की आत स्वयंपाकघरात, बैठकीत आणि पलंगाशी लाल दिवा लागायचा. म्हणाली, कुणी येऊन जाईल आणि मला कळणार नाही, असं परत नको. दिवे लागले, पण येणार कोण? गल्लीतली पोरं बटण दाबून पळायची. ती हातातलं टाकून दाराशी यायची, रिकामा रस्ता पाहायची, आत जायची. मी एकदा पोरांवर ओरडले, चांगली शाळेतल्यासारखी. तिनं मला थांबवलं. "राहू दे गं. दिवा तरी लागतो."

वर्ष गेलं. आक्काचं वर्षश्राद्ध झालं. पुढच्या चैत्रात आक्काच्या सुनेनं ठरवलं, आता आपण हळदीकुंकू करायचं, सासूबाई दरवर्षी करायच्या. ती माझ्याकडं आली. नव्या पिढीची पोरगी, निम्मं हिंदीत बोलते. म्हणाली, "मॅडम, बोलावणं तो जिजीच करेल ना? ग्रुपवर टाकलं तर मम्मीजींना आवडलं नसतं." मी सांगितलं की जिजी आता करत नाही, आणि का करत नाही ते तुला माहीतच आहे. ती म्हणाली, माहीत आहे म्हणून तर मीच जाते. मी तिच्या मागून गेले.

तिनं बटण दाबलं. आत लाल दिवा लागलेला खिडकीतून दिसला. जिजी आली, तिला वाटलं पोरं असतील, चेहरा तसाच होता. समोर आक्काची सून पाहिली आणि तिनं दाराची कडी घट्ट धरली. त्या दिवसानंतर दोघी समोरासमोर आल्याच नव्हत्या.

सुनेनं तळहात वर केला, अगदी जिजीसारखा. दुसऱ्या हातानं करंड्यातलं कुंकू तिच्या भुवयांच्या वर टेकवलं नाही, जिजी विधवा होती. तिच्या हातचं कुंकू गल्लीनं चालवून घेतलं होतं, पण तिच्या कपाळी लावण्याइतकी ती अजून पुढं गेलेली नाही. तिनं करंडाच जिजीच्या हातात ठेवला. आक्काचा करंडा होता तो, पितळेचा. मग तोंडासमोरची बट मागं सारून, एकेक शब्द सुटा करून ती बोलली. उद्या पाच वाजता आमच्याकडं, आणि बोलावणं तू करायचं.

"अगं पण त्या दिवशी मी..." जिजी म्हणाली.

"कुछ मत बोल," सून म्हणाली. "नुसती मान हलव."

मान हलवायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं. जिजीनं आधी करंड्याकडं पाहिलं, मग गल्लीकडं, मग माझ्याकडं. खोटी मान ती हलवणारच नव्हती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून आम्हीही तशाच उभ्या. शेवटी हलली. एकदाच, पण उभी.

दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायची गोष्टच नव्हती. ती त्याच दुपारी निघाली. आत जाऊन डबी उघडली, मशीन पुसून कानात घातलं. मी विचारलं, भर उन्हात, हॉर्नच्या गोंगाटात? ती म्हणाली, घालते आज. पहिल्या दारात तिनं निरोप सांगितला, आणि हात वर केला नाही. करंडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. त्या बाईला कळेना काय करावं, इतकी वर्षं बोलायची सवयच नव्हती. मग ती बोलली. येते म्हणाली, गुडघे कसे आहेत विचारलं, आक्का असती तर आंब्याची डाळ कशी झाली असती ते सांगितलं. प्रत्येक दारात असंच झालं. एरवी तासाभरात होणारं बोलावणं दिवे लागेपर्यंत चाललं.

ती परत आली ती पायरीवर मटकन बसली. मशीन काढून मांडीवर ठेवलं. चेहरा उन्हानं आणि निवडण्यानं काळवंडला होता. "दमले बाई," ती म्हणाली. "सगळ्या बोलल्या."

त्यानंतर काही वर्षं तिनं बोलावणं केलं. मग पाय खरंच गेले आणि लेक तिला इंदूरला घेऊन गेला. चांगला मुलगा आहे. तिथल्या फ्लॅटमध्येही त्यानं घंटीला दिवा जोडून दिला. पण तो लागायचा तो दूधवाल्यासाठी आणि कुरिअरवाल्यासाठी. मशीन तिनं सोडलं. लेक, सून, नातवंडं तिच्याशी प्रेमानं आणि घाईनं बोलायची, आणि घाईतलं प्रेम ओठांवरून वाचता येत नाही.

आम्ही व्हिडिओ कॉल करायचो. पडद्यावर आधी तिचा तळहात यायचा, मग चेहरा. "काही बोलू नको. बरी आहेस? मान हलव." मी हलवायचे. मग ती आक्काच्या दारापासून सुरू करायची. गल्लीतलं एकेक घर, बोलावण्याच्या क्रमानं. आक्काची सून बरी? मान. कोपऱ्यावरच्या वहिनी? मान. शिंप्याची म्हातारी? एखाद्या नावाला माझी मान हलायची नाही. ती थोडा वेळ थांबायची आणि पुढच्या दाराला लागायची. सगळी गल्ली संपली की म्हणायची, दमले, ठेवते.

मागच्या चैत्रात हळदीकुंकू माझ्याकडं होतं. आक्काची सून आणि मी, दोघींनी मिळून फोन लावला. ती फार वाळली होती. उशीला टेकवून बसवलं होतं. या वेळी मीच आधी तळहात वर केला. करंडा पडद्यासमोर धरला, पाच बोटं दाखवली आणि हळूहळू बोलले. उद्या माझ्याकडं, लेकाला सांग, गाडीनं आणेल, पायरीवरसुद्धा चढू देणार नाही आम्ही, उचलून आणू.

"नुसती मान हलव, जिजी."

तिला सगळं समजलं होतं. एकही शब्द चुकला नव्हता, तिच्या डोळ्यांत दिसत होतं. आम्ही वाट पाहिली. तिनं मान उभी हलवली नाही. आडवीही हलवली नाही, तेवढं तिच्यानं झालं नसावं. ती आमच्याकडं बघत राहिली आणि मग तिचा हात वर आला. मला वाटलं, बास म्हणते आहे. पण तळहात नव्हता तो. एक बोट होतं, तिसरं, कुंकवाचं. ते हळूहळू जवळ आलं, मोठं होत गेलं आणि सगळा पडदा अंधारला.

आक्काच्या सुनेनं मला कोपरानं ढोसलं. मी कपाळ पुढं केलं आणि बोट बाजूला होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.